दीडचा ठोका

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी छापखान्यातलं मोठं यंत्र बंद करण्यात आलं. लहान मुलांच्या तापाच्या औषधाचं माहितीपत्रक छापून होत होतं. नऊ हजार प्रती निघाल्या होत्या आणि प्रत्येकीवर १.५ चमच्याच्या जागी २.५ चमचे असं छापलं होतं. सुदैवाने एकही प्रत दाराबाहेर गेली नव्हती.

मुद्रितशोधकाला खाली बोलावलं. व्यवस्थापकाने तपासलेला कागद त्याच्यापुढे धरला.

"काका, सही तुमचीच ना?"

"माझीच."

"मग काही बोलाल की नाही?"

त्याने सहीकडे पाहिलं. लाज वाटायला हवी होती, निदान भीती तरी. आत काहीच हललं नाही. दुसऱ्याच्या घरची वाईट बातमी ऐकावी तसा तो उभा राहिला.

सिगारेट सोडून नववा दिवस होता. तेहतीस वर्षं, रोज दोन पाकिटं. पायाची रक्तवाहिनी चोंदली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "सिगारेट ठेवा नाहीतर पाय. दोन्ही जमणार नाही." मग जरा मवाळ होऊन म्हणाल्या, "निकोटिनसाठी तुमच्या मेंदूने जादा खुर्च्या मांडून ठेवल्यात. पाहुणा यायचा बंद झाला, तरी खुर्च्या तशाच राहतील. त्या उचलल्या जाईपर्यंत लक्ष लागणार नाही, कशात गोडी वाटणार नाही." चौथ्या दिवशी तो घरी इतका खेकसला, की "याच्यापेक्षा धूर बरा होता," असं बायकोच्या तोंडून निघून गेलं आणि तिने जीभ चावली. त्यानंतर रागही आला नाही. काहीच आलं नाही.

"मी दीडच वाचलं," त्याच्याबरोबर खाली आलेल्या वाचकबाई म्हणाल्या. "ठोका दिला, ठोका परत आला."

ही त्या दोघांची पद्धत होती. बाईंनी मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, त्याने छापील प्रतीवर नजर ठेवायची. आकडा आला की बाई पेन्सिलीने टेबलावर ठोका द्यायच्या. तोच आकडा प्रतीवर दिसला, तरच त्याने बोटाने ठोका परत करायचा. एकोणीस वर्षांत ही पद्धत फसली नव्हती.

"भाऊ," बाई एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचं बोट बघा."

सगळ्यांनी पाहिलं. उजव्या हाताची तर्जनी टेबलाच्या कडेवर आपटत होती. टक. थोडं थांबून पुन्हा टक. राख झाडायची सवय. सिगारेट गेली, बोट कामावर राहिलं होतं. दीडला परत आलेला ठोकाही त्याचाच होता.

"म्हणजे सही राखेने केली म्हणायची!" व्यवस्थापक हसला. दुसरं कुणी हसलं नाही. मग त्याने खिशातून पाकीट काढलं. "काका, एक ओढा. डोकं ठिकाणावर येईल. दुरुस्त प्रत वाचून द्या, सहाला पत्रकं घेऊन गाडी निघते. नाही जमलं, तर उद्यापासून बांधणीखात्यात बसा."

"आणि पाय गेल्यावर कुठल्या खात्यात बसवणार?" बाईंनी विचारलं.

व्यवस्थापकाने पाकीट टेबलावर ठेवलं आणि तो निघून गेला.

चार वाजता दोघं त्याच टेबलाशी वाचायला बसले. उजवा हात मुद्रितशोधकाने मांडीखाली दाबून ठेवला होता. डाव्याने ठोके परत करायचं ठरलं. पहिलं पान नीट झालं. दुसऱ्यावर त्याने एकच ओळ तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा ती डोळ्यांवरून घसरून गेली. पाकिटाकडे त्याने पाहिलं. हवंसं वाटलं असंही नाही; फक्त नजर तिथे जाऊन थांबली.

"परत घेऊ," बाई म्हणाल्या. "वय दोन ते पाच वर्षं. दिवसातून तीनदा. दीड चमचा."

आधीच्या आकड्यांसारखाच दीडलाही पेन्सिलीचा ठोका पडला. डावं बोट टेबलावर वाजलं.

बाईंनी मान वर केली. "हे उत्तर होतं की राख?"

त्याने बोटाकडे पाहिलं, मग कागदाकडे. कागदावर १.५ होतं. पण ते त्याने ठोक्याआधी पाहिलं की नंतर?

"माहीत नाही," तो म्हणाला.

पाच वाजून पन्नास मिनिटांनी ते तिसऱ्यांदा दुसऱ्या पानाच्या सुरुवातीला होते. सहीची जागा कोरी होती आणि मोठं यंत्र अजून सुरू झालेलं नव्हतं.