काहीच फरक न पाडणारा टूथब्रश

मित्रांनो, मी एक जुना टूथब्रश आहे. दात मात्र मी आयुष्यात जेमतेम चार महिने घासले. उरलेली सगळी हयात वायरलेस इंजिनिअरिंगमध्ये गेली. हे ऐकून न्हाणीघरातले इतर ब्रश माझ्याकडे संशयाने पाहतात. पाहू देत. त्यांची मजल चूळ भरण्यापर्यंतच.

माझा रंग पोपटी. तात्यांच्या घरी आलो, तेव्हा ते वायरलेस केंद्रात तंत्रज्ञ होते. माझे केस विस्कटल्यावर माई, म्हणजे तात्यांची बायको, मला चिमटीत धरून कचऱ्याच्या डब्याकडे निघाल्या.

"अगं थांब!" तात्या आडवे आले. "याला नोकरी लावायचीय."

त्यांनी कानशीने माझे शेपूट घासून स्क्रूड्रायव्हरच्या टोकासारखे चपटे केले. दुखले, पण नोकरीसाठी माणसे याहून जास्त घासतात.

मित्रांनो, वायरलेस सेटच्या पोटात तारेची बारीक वेटोळी असतात आणि वेटोळ्याच्या आत एक काळा स्क्रू. तो केसभर फिरवला की कुठला तरी दूरचा आवाज आपल्या खोलीत येऊन बसतो. पण लोखंडी स्क्रूड्रायव्हर जवळ नेला की वेटोळे भलतेच वागू लागते. तपासणीला साहेब आले की वर्ग शहाणा होतो आणि साहेब गेले की पुन्हा बाकांवर चढतो, तसे. मी पडलो प्लास्टिकचा. मी आलो काय, गेलो काय, वेटोळ्याला पत्ताच नसे. तात्या मला सगळ्या केंद्राला दाखवत आणि छाती फुगवून सांगत, "याच्यामुळे काहीही फरक पडत नाही!" एवढी स्तुती दुसऱ्या कुठल्या टूथब्रशच्या वाट्याला आली असेल?

निवृत्त झाल्यावर तात्यांनी रीतसर परवाना काढून घराच्या मागच्या खोलीत स्वतःचा सेट मांडला. रोज संध्याकाळी ते त्यावर आपल्या जुन्या सहकाऱ्याशी बोलत. त्याचा आवाज फाटक्या पत्र्यासारखा, म्हणून सगळे त्याला कोकीळ म्हणत.

"तुझ्याकडे आभाळ कसं आहे?" कोकीळ विचारायचा.

"आहे," तात्या सांगायचे.

एवढ्यावर त्यांचा अर्धा तास सहज जाई. माई गेल्यानंतर तात्या दिवसभरात जे काही बोलत, ते त्या अर्ध्या तासातच.

शेजारच्या खोलीत सूनबाई कॉम्प्युटरवर छपाईसाठी शाळेच्या पुस्तकांची पाने लावत. एकदा त्यांच्या पानावर आपोआप अक्षरे उमटू लागली. 'अन्न जठरात गेल्यावर ढढढढढढढ.' मग कॉम्प्युटर थिजला आणि सगळे पान गेले. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा ढ.

सूनबाई कॉम्प्युटर उचलून दुरुस्तीच्या दुकानात गेल्या. तिथे तो गुणी बाळासारखा चालला. दवाखान्याच्या पायरीवर ताप उतरतो, त्यातलाच प्रकार.

"वहिनी, मशीन ठणठणीत आहे," दुकानदार म्हणाला. "तुम्हीच जरा विश्रांती घ्या."

घरी आणला की पुन्हा ढ.

तात्यांच्या मात्र एक गोष्ट ध्यानात आली. इकडे त्यांनी बोलायला माइकचे बटण दाबले, की शेजारच्या खोलीतून सूनबाईंचा "गेलं मेलं!" असा आवाज येई. रोज नाही, पण येई तो तेव्हाच. तात्या कोणाला काही बोलले नाहीत. त्यांनी माइक खुंटीला अडकवला.

त्यानंतरच्या संध्याकाळी मला आजही आठवतात. सेट चालू असे, पण तात्या नुसते ऐकत. "तात्या, आहेस का रे?" कोकीळ हाका मारी. तात्यांचा हात माइकपर्यंत जाई आणि परत मांडीवर येई. शेवटी कोकीळ एकटाच म्हणे, "माझ्याकडे आज निरभ्र आहे," आणि निघून जाई.

एकदा सूनबाई चहा घेऊन आल्या, नेमक्या त्याच वेळी.

"अहो तात्या, ते हाका मारतायत. बोलत का नाही?"

"मी बोललो की तुझं पान जातं."

सूनबाईंनी चहा खाली ठेवला. "आणि हे तुम्ही पोटात ठेवून बसलात? दुकानात तो बिघाड सापडेना, म्हणून मला वेड लागायची वेळ आली! उठा. बोला तुम्ही. बिघडू दे एकदाचं. बिघडल्याशिवाय कळणार कसं?"

"दुकानात कीबोर्ड कुठला लावला होता?"

"त्यांचाच. आपला घरीच होता."

तात्यांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे चोराला घरी ठेवून आपण त्याच्या भावाला चौकीवर नेत होतो! अगं, कीबोर्डची ही लांबलचक तार म्हणजे माझ्या सेटच्या लहरी पकडणारं एरियलच."

कॉम्प्युटर उघडला गेला. "लोखंड लावू नकोस, बोटंही नकोत. हा घे," म्हणत तात्यांनी मला पुढे केले.

"तात्या, हा टूथब्रश आहे."

"होता."

मग त्यांनी खुंटीवरचा माइक काढला. "कोकीळ, मी आहे. दुरुस्ती चाललीय, मला बोलत ठेव."

"जिवंत आहेस होय! मी तुझ्या चांगल्या आठवणी काढायला बसलो होतो. दोनच सापडल्या."

तात्या बोलत राहिले. सूनबाई माझ्या टोकाने एकेक जागा हळूच दाबत गेल्या. पडद्यावर ढढढढ चाललेच होते. मी कीबोर्डच्या सॉकेटवर टेकलो आणि ढ थांबले. मला उचलले, ढढढढ. टेकवले, शांत.

भिंग लावल्यावर सॉकेटच्या बुडाशी सोल्डरच्या डागाला, म्हणजे धातूच्या जोडाला, केसासारखा तडा दिसला. तार हलेल तसा तो कधी उघडे, कधी मिटे. उघडला की तारेने पकडलेल्या लहरी जमिनीत जाण्याऐवजी कॉम्प्युटरमध्ये घुसत. तात्यांनी नवा डाग दिला, मी तो स्पिरिटने घासला, आणि ढ कायमचा गेला.

"काय झालं होतं?" कोकिळाने विचारले.

"तडा होता. सूनबाईनं टूथब्रशनं शोधला."

मग कोकीळ म्हणाला, "तुझे दात कसे आहेत?"

"नाहीत," तात्या म्हणाले.

पुढे तात्यांनी सूनबाईंना सगळे शिकवले आणि त्यांनीही परीक्षा देऊन परवाना मिळवला. याच काळात मुक्कामाला आलेल्या जावयांनी एका सकाळी चुकून माझ्याने दात घासले. त्यावर मी काही बोलणार नाही. तेही दिवसभर काही बोलले नाहीत.

मग तात्या गेले. सेटवर कापड पडले. मी पेन्सिलींच्या भांड्यात उभा राहून धूळ खाल्ली.

एका संध्याकाळी सूनबाईंनी ते कापड काढले. माझ्याने सेटच्या फटींतली धूळ झाडली आणि बटण फिरवले. खरखरीतून तोच फाटका पत्रा ऐकू आला.

"तात्या, आहेस का रे?"

माणूस गेल्याचे कळवूनही तो हाक मारतच होता.

सूनबाईंनी माइकचे बटण दाबले. "काका, मी तात्यांची सून. तुमच्याकडे आभाळ कसं आहे?"

पलीकडून आवाज आला, "भरून आलंय गं."

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. अधूनमधून बिघडणाऱ्या वस्तूला थापट्या मारू नका, हळूच टेकून पाहा. तेच माणसांचेही. आणि जुना ब्रश फेकण्याआधी एकदा त्याला नोकरीचे विचारा.

आता मला भांड्यात ठेवा. सहा वाजत आले, कोकीळ येईल.