पहाटेचा फेरा

"थांबू नको रे, अंग तापलंय तोवर चालून घे," पुढे गेलेला बाळाजी म्हणाला.

हरिचंद्र थांबलाच होता. मोरिवलीच्या केमिकल कंपन्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दिव्यांच्या भोवती धूर खाली उतरून बसला होता. घशात आंबट चव, आणि छातीत कुणीतरी आतून मूठ आवळत असल्यासारखं. बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने त्याने वाकून दम खाल्ला.

त्याच भागातल्या एका कारखान्यात दोघांनी एकतीस वर्षं शेजारशेजारच्या लेथवर काढली होती. निवृत्तीनंतर हरिचंद्रला हार्ट अटॅक आला, स्टेन्ट बसला, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. त्याने ते ड्यूटीसारखंच अंगावर घेतलं. पहाटे साडेपाचला बुवापाड्यातल्या चाळीतून निघायचं ते निघायचंच. बाळाजीला फक्त बीपीची गोळी चालू होती. त्याला हरिचंद्रनेच ओढून आणलं होतं. "घरात बसलास तर गंज चढेल," म्हणाला होता.

त्या दिवशी घरी आल्यावर सुनेने, अक्षदाने, हरिचंद्रचा चेहरा पाहिला आणि ऑफिसला रजा टाकून त्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी कार्डिओग्राम पाहिला, मग विचारलं, "चालता कुठे?"

त्याने सांगितलं; नाडी बांधायच्या निमित्ताने दम खाल्ला तेही.

"काका, थंडीत पहाटे धूर वर जात नाही, जमिनीलगत राहतो. त्यातली बारीक धूळ डोळ्यांना दिसतही नाही. ती फुप्फुसातून रक्तात उतरते, रक्तवाहिन्यांना सूज येते, हृदयाला त्रास होतो. त्यात तुम्ही झपाझप चालता, म्हणजे दुप्पट श्वास घेता."

"मग चालायचं बंद करू?"

"चालणं नाही, ती वेळ आणि तो रस्ता बंद. ऊन वर आल्यावर, कंपन्यांपासून लांब चाला. आणि छातीत दुखलं की नाडी बांधत बसू नका, थांबा आणि सरळ इकडे या."

अक्षदाने सासऱ्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

संध्याकाळी त्याने बाळाजीला फोन लावला. खरं सांगायचं असंच ठरवलं होतं. पण पलीकडून बाळाजी हसत म्हणाला, "काय हरी, आज म्हातारा झालास काय? मधेच थांबलास ते." आणि हरिचंद्रच्या तोंडून निघून गेलं, "गुडघा धरलाय रे. आठ दिवस नाही जमायचं."

"बरं. मी जाऊन येतो. सवय मोडली तर पुन्हा लागायची नाही."

दुसऱ्या दिवसापासून हरिचंद्र पहाटे पाचलाच जागा व्हायचा. चाळीच्या गॅलरीत या टोकाकडून त्या टोकाकडे फिरायचा. एकेका दारामागे कुणीतरी खोकत असायचं. उद्या सांगू, असं रोज ठरायचं. नऊ वाजता बाळाजी चहाला यायचा, गुडघ्याला कुठलं तेल लावायचं ते सांगायचा, आणि समोर बसलेल्या माणसाला, आपण घाबरलोय हे सांगायला हरिचंद्रची जीभ उचलायची नाही. आयुष्यभर कारखान्याच्या धुरात काम केलं आणि आता हवेला भितोस, असं तो म्हणाला असता.

सहाव्या दिवशी बाळाजी नऊला आला नाही. सव्वानऊला त्याच्या जावयाचा फोन आला. बाळाजी रस्त्यातच छाती धरून खाली बसला होता. रिक्षावाल्याने दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला होता.

तेरावं झालं. त्यानंतर दोन दिवसांनी बाळाजीची बायको विठा दारात येऊन उभी राहिली.

"भाऊजी, ते कुठे बसले होते ती जागा दाखवाल? जावयाला विचारलं तर तो नको म्हणतो."

हरिचंद्रला जागा रिक्षावाल्याकडून कळली होती. ऊन वर आल्यावर, अकरा वाजता दोघं निघाले. वाटेत हरिचंद्रला हात कुठे ठेवावेत ते कळेना. तो सारखा खिशातला रुमाल काढत होता, परत ठेवत होता.

एका बंद गोदामासमोर फुटपाथचा कट्टा होता. "इथे," तो म्हणाला.

विठा खाली बसली. शेजारच्या दगडावरून तिने हात फिरवला आणि काळा झालेला तळवा पाहत राहिली.

"वहिनी, माझा गुडघा दुखत नव्हता," हरिचंद्र म्हणाला. "मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. पहाटे इथे चालू नका, ही हवा हृदयाला वाईट. मी बाळाजीला सांगितलं नाही. लाज वाटली."

एक टँकर गेला. विठाने पदर नाकाला लावला, धूळ खाली बसेपर्यंत थांबली.

"ते ऐकणारे नव्हते," ती म्हणाली. "पण मला तरी सांगायचं होतंत. मी चप्पल लपवली असती."

हरिचंद्र बुटाची नाडी बांधायला वाकला.

विठा थोडी बाजूला सरकली. पदराच्या टोकाने तिने शेजारची जागा पुसली.

"बसा," ती म्हणाली. "दम लागलाय तुम्हाला."