कोरडे मिस्त्री

माझ्या वडिलांना सगळे कोरडे मिस्त्री म्हणतात. आडनाव वेगळंच आहे. चाळीस वर्षं नळाची कामं केली आणि त्यांचा हात लागलेल्या सांध्यातून पुन्हा कधी थेंब पडला नाही, म्हणून हे नाव. घरात कुणी रडायला लागलं, की आई म्हणायची, "ह्यांना बोलवा, लगेच बंद करतील."

मी पाणीखात्यात आहे. दवाखाने, कारखाने, लॉन्ड्र्या यांच्या जोडणीवर उलटं पाणी अडवणारे वाल्व बसवायचे आणि दर सहा महिन्यांनी तपासायचे, हे माझं काम. आत दोन झडपा असतात आणि मधोमध खाली एक उघडं तोंड. झडपेत खडा अडकला, की पाणी त्या तोंडातून जमिनीवर सांडतं आणि वस्तीच्या नळात परत जात नाही. वाल्व असा गळायला लागला, की आम्हाला बोलवायचं. बाबा म्हणायचे, "गळका वाल्व बसवायचा आणि वर पगार घ्यायचा. मजा आहे बाई तुमची." मी म्हणायचे, "तुमचं वय झालं आता." आमचा विषय तिथेच संपायचा. समजावून सांगायला दहा मिनिटं लागली असती, पण बापाशी वाद कोण घालणार!

मंगळवारी सकाळी मोठी पाइपलाइन फुटली आणि आमच्या गल्लीतल्या पाण्याचा दाब बसला. कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीतलं बॉयलरचं पाणी उलटं फिरून लोकांच्या नळांत आलं. बॉयलर गंजू नये म्हणून त्या पाण्यात एक औषध घालतात. त्याला ना रंग, ना वास. अकरा जण दवाखान्यात गेले, दहा घरी आले. शिवणकाम करणाऱ्या बाईंची चार वर्षांची नात आली नाही. तिने नुसतं नळाला तोंड लावलं होतं.

बुधवारी साहेबांबरोबर मी लॉन्ड्रीत गेले. मालक पोलीस चौकीत बसून होता. महिनाभर वाल्व गळत होता, मग आपोआप थांबला, एवढंच त्याला माहीत. दाबमापकाच्या नळ्या जोडायच्या आधी मी वाकून खाली पाहिलं. तोंडात लाकडी बूच ठोकलेलं होतं. त्याला सूत गुंडाळून वर नळाच्या सांध्यांना लावतात तो सफेदा लावलेला, कड कानशीने घासून सपाट केलेली. सुताचे वेढे उलटे, डावऱ्या माणसाने दिलेले. बाबा डावरे आहेत, आणि दुपारी गप्पा मारायला याच लॉन्ड्रीत बसतात.

मी बूच उपटलं तशी धार माझ्या पायांवर आली. मग आम्ही झडपा उघडून पाहिल्या. दोन्हींत खडे होते.

"कुणा गाढवाने मारलं हे?" साहेबांनी विचारलं.

"माहीत नाही."

त्यांनी बूच हातात फिरवून पाहिलं. "काम मात्र चोख आहे."

मला बाबांचा इतका राग आला, की त्या क्षणी ते समोर असते तर मी काय बोलले असते कोण जाणे. मग कळलं, की त्यातला अर्धा राग माझा माझ्यावरच आहे.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर अहवाल लिहायला बसले. बाबा त्या मुलीच्या घरून आले होते. दिवसभर त्यांच्या तोंडात घास गेला नव्हता. "कसं झालं गं असं?" ते म्हणाले.

मग मी सांगितलं. कागदावर दोन झडपा काढल्या, मधलं तोंड काढलं. दहा मिनिटंही लागली नाहीत. शेवटी ते पाण्याच्या कामातले, अर्ध्यातच त्यांनी माझा हात धरला.

"म्हणजे ते गळत होतं ते..."

"वस्तीसाठी गळत होतं, बाबा."

आई दोनदा येऊन वाढू का म्हणून विचारून गेली.

"लिहिलंस काय?"

मी वाचून दाखवलं. "मधले तोंड अज्ञात इसमाने बुजवलेले आढळले."

"कोण अज्ञात?"

"बाबा, मूल गेलंय. तुरुंग होईल."

"त्या पोरीची आजी उद्या विचारणार, कुणी केलं. अज्ञाताला ती शिव्या तरी कुठे जाऊन देणार?" त्यांनी पेन उचलून माझ्या हातात दिलं. "खोड ते. नाव लिही. पूर्ण लिही, माझ्या वडिलांच्या नावासकट."

"माझ्याच्याने नाही होणार."

"मग मी चौकीत जाऊन सांगतो. पण तू खोटं लिहिलंस, हेही मग त्यांना कळेल. नोकरी जाईल तुझी. लिही."

मी रडत होते. त्यांनी बंद कर म्हटलं नाही.

अज्ञात खोडून मी त्यांचं नाव लिहिलं. मग तपासनीस म्हणून खाली माझं पूर्ण नाव लिहायचं होतं. माझ्या नावानंतर, आडनावाआधी, पुन्हा त्यांचंच नाव येतं. तेही लिहिलं.