बाबांच्या छातीवर जुळवलेला अँटेना

मी एक जुना अँटेना आहे. ज्या वर्षी मला बनवणाऱ्या ताईंना मुलगी झाली आणि त्या मुलीच्या आजोबांनी गच्चीवर पडून पाय मोडून घेतला, त्या वर्षी माझा जन्म झाला. तिन्ही गोष्टी मागे-पुढे घडल्या, म्हणून ताईंच्या घरी माझे वय कोणालाही विचारा, नातीच्या वयावरून चटकन सांगतील.

मित्रांनो, अँटेना म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर छपरावरची उंच काठी येत असेल. मी तसा नाही. मी तांब्याची पातळ पट्टी आहे. हिरव्या पातळ तुकड्यावर मला नागमोडी वळवून चिकटवले आहे आणि काड्यापेटीत मी सहज मावतो. तुमच्या मोबाइलच्या पोटात माझे असेच भाऊबंद बसलेले असतात. तुम्ही तासन्‌तास बोलता, चित्रे पाहता आणि कौतुक मात्र पडद्याचे करता. आवाज तुटला की तेवढ्यापुरती आमची आठवण निघते, तीही शिव्या देण्यासाठी. असो. माझी तक्रार नाही. मला चांगले घर मिळाले.

ताई बिनतारी यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत अँटेना जुळवायच्या. म्हणजे काय, ते सांगतो. सतारीच्या तारेतून सूर निघतो तो तिच्या लांबीप्रमाणे, तसेच आमचे. पट्टी लांब झाली तर आमचा सूर खाली उतरतो, आखूड केली तर वर चढतो. यंत्राचा जो सूर ठरलेला, त्यावर आम्हाला नेमके आणून बसवणे हे ताईंचे काम. मापनयंत्राच्या पडद्यावर एक रेघ असते. जिथे आमचा सूर लागतो तिथे त्या रेघेत खोल खड्डा पडतो. खड्डा ठरल्या जागी पडला की ताई खूश.

मला मात्र त्यांनी कंपनीच्या कामासाठी बनवले नव्हते. त्यांचे बाबा, म्हणजे जुने वेल्डर, एकटेच राहायचे. घर दुमजली. खाली भाड्याने एक नर्सबाई, वर बाबा आणि त्याच्यावर गच्चीत बाबांची कबुतरे. पाय मोडला त्या दिवशी बाबा सकाळी दाणे टाकायला गेले आणि पाण्याच्या पिंपाशेजारी घसरले. हाका मारून घसा बसला, पण वाहनांच्या आवाजात कोणाला ऐकू गेले नाही. दुपारी नर्सबाई वाळत घातलेले कपडे काढायला वर आल्या, म्हणून वाचले.

पाय बरा झाला तसा थोरला मुलगा, म्हणजे ताईंचा दादा, आला. तो बोलायला रोखठोक.

"बाबा, आता माझ्याकडे चला. लिफ्ट आहे, सगळं आहे."

"आणि कबुतरं?"

"सहाव्या मजल्यावर कबुतरं? सोसायटी मलाच पिंजऱ्यात घालेल."

"मग मी नाही येत. त्यांना सोडून मी तिथे काय भिंतींना दाणे टाकू?"

शेवटी ताईंनी मध्यस्थी केली. गळ्यात घालायचे एक बटण त्या बनवतील, दाबले की नर्सबाईंच्या स्वयंपाकघरातला डबा वाजेल. गच्चीवरून हाक खालपर्यंत पोचली तर बाबा इथेच राहतील, नाही पोचली तर सामान बांधतील. दादाने मान डोलावली, पण त्याचा विश्वास नव्हता.

त्या बटणाच्या पोटातला अँटेना मी. ताईंनी मला स्वतःच्या हाताने कापले. कंपनीत एक खोली आहे, लहरी आपटून परत येऊ नयेत म्हणून तिच्या भिंतींना निळ्या स्पंजचे टोकदार सुळके लावलेले, आत शिरले की स्वतःचा श्वाससुद्धा मोठा वाटतो. तिथे फोमच्या खांबावर मला बसवून ताईंनी मोजले. खड्डा अगदी जागच्या जागी! साहेब येऊन बघून गेले आणि म्हणाले, "वा, सुरेख!" मी फुगलो. इतका देखणा खड्डा आपलाच, असे मला वाटू लागले.

रविवारी सगळे बाबांच्या घरी जमले. बाबांनी मला सदऱ्याच्या आत घातले, गच्चीवर गेले, खुराड्याजवळ उभे राहून बटण दाबले. मी जीव तोडून हाक मारली. खाली डबा गप्प. पुन्हा दाबले. गप्प. नर्सबाई खालून ओरडल्या, "अहो, दाबलंत का? इथे नुसती फोडणी वाजतेय!"

दादा जिना चढून वर आला. आवाजात राग नव्हता, त्याचेच वाईट वाटले. "झालं ना बाबा? बांधा सामान."

बाबा खुराड्यात वाकून बघत राहिले. "पिल्लांना अजून पिसं नाहीत रे. ती उडू लागेपर्यंत थांब. तेवढं तरी ऐक."

दादाने ते मान्य केले. आता आम्हाला पिल्लांना पंख फुटेपर्यंतची सवलत होती.

दुसऱ्या दिवशी ताईंनी मला पुन्हा फोमच्या खांबावर बसवले. सगळे ठीक! दोष सापडेना. वैतागून त्यांनी मला उचलून मुठीत धरले आणि मापनयंत्राची तार तशीच जोडलेली असल्यामुळे पडद्यावरचा खड्डा सर्रकन घसरून भलत्याच जागी गेला. ताईंनी मूठ उघडली, खड्डा परत आला. मिटली, गेला. त्यांनी कपाळावर हात मारला.

"मी काय वेडी आहे! बाबा काय फोमचे आहेत?"

माणसाच्या अंगात पाणी असते, मीठ असते. ते अगदी जवळ आले की आमचा सूर खाली ओढला जातो आणि हाकेतला जोर अंगच शोषून घेते. हे ताईंना पहिल्यापासून माहीत होते, दुसऱ्यांच्या कामात त्या ते कधी विसरल्या नाहीत. बापासाठी करताना मात्र घाई झाली.

त्यांनी साहेबांची परवानगी काढून बाबांनाच कंपनीत आणले आणि निळ्या खोलीत लाकडी स्टुलावर बसवले. मी त्यांच्या छातीवर.

"बाबा, हलू नका. बोलूही नका."

"श्वास घेऊ का?"

"हळू घ्या."

"बिनटाक्याचं ऑपरेशन चाललंय वाटतं. फी किती, डॉक्टर?"

"बाबा, खड्डा हलतोय!"

मग ते खरेच गप्प बसले. ताई पडदा बघायच्या, मला काढून पात्याने टोकाचा केसाएवढा तुकडा उडवायच्या, पुन्हा छातीवर ठेवायच्या. मी थोडा थोडा आखूड होत गेलो आणि माझा सूर वर चढत गेला. डबीची पाठही त्यांनी जाड केली, म्हणजे मी अंगापासून जरा दूर राहीन. खड्डा जागेवर आला तेव्हा बाबांना पडद्यातले काही कळले नाही. लेकीचा चेहरा बघून त्यांनी विचारले, "उतरू का आता?"

साहेबांनी मला नंतर टेबलावर मोजले आणि भुवया उंचावल्या. "अहो, हा तर पार चुकलाय!"

"टेबलासाठी नाहीच तो, साहेब," ताई म्हणाल्या.

मित्रांनो, त्या दिवशी माझा गर्व उतरला आणि खरा आनंद मिळाला. रिकाम्या खोलीत मी नापास होतो, एका माणसाच्या छातीवर पास होतो.

तीन आठवड्यांनी, एका रविवारी ताई आणि दादा नर्सबाईंकडे चहा पीत बसले होते. पिल्ले खुराड्याच्या दारात पंख झटकू लागली होती. बाबा कोणाला न सांगता वर गेले आणि मला दाबले. खाली डबा असा कडकडला की दादा पेला टाकून धावत सुटला. वर पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती.

"काय झालं? कुठे लागलं?"

"कुठे काय? पोचली का हाक, ते बघितलं."

दादा पिंपाला टेकून बसला. मग म्हणाला, "दाण्यांचा डबा कुठे ठेवता?" सामानाचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

त्यानंतर मी बाबांच्या गळ्यात राहिलो. कबुतरांची पिसे माझ्या डबीवर बसायची. बाबा कधी कधी मीठ संपले म्हणूनही मला दाबायचे आणि नर्सबाईंची बोलणी खायचे. एकदा मात्र जिन्यात पाय मुरगळला, तेव्हा नर्सबाई पोळी तव्यावर टाकून आल्या. पोळी करपली, बाबा हसले. पुढे कंपनीने माझ्यासारखी पुष्कळ बटणे काढली. जाहिरातीत त्या चकचकीत भावंडांचे फोटो आले, माझा नाही. मला तो नकोही होता.

आता मी ताईंच्या टेबलावर असतो. माझे तांबे काळवंडले आहे. मित्रांनो, एकच विनंती. तुम्ही कोणासाठी काही बनवाल, तेव्हा त्या माणसाला आधी शेजारी बसवा. तो बडबड करेल, हलेल, तुमची रेघ बिघडवेल. बिघडवू द्या. आणि घरातल्या कोणी नुसत्या मिठासाठी हाक मारली, तरी ओ द्या.

बाबा वारले ते नात दुसरीत गेली त्या वर्षी, मार्च महिन्यात, दुपारी जेवून झोपले असताना, झोपेतच, स्वतःच्या घरात. बटण दाबलेले नव्हते.