आधी यांची करा

एक लिटरची बाटली. निळं झाकण.

सोनोग्राफीचं जेल थंडगार असतं.

"मुलगी पसंत आहे. फक्त एक रिपोर्ट आणा," मुलाच्या आईने सांगितलं होतं.

अंगातून जाताना सोनोग्राफीचा आवाज विरत जातो. किती विरतो, ते मोजता येतं.

लग्न ठरत आलेली मुलगी बाकावर पाय आवळून बसली होती. मूत्राशय तुडुंब भरलं नाही तर गर्भाशय नीट दिसत नाही, म्हणून ती बाटलीभर पाणी प्यायली होती. शेजारी तिचे वडील. समोर मुलगा आणि त्याची आई. हाक आली तसे चौघेही आत घुसले.

"तक्रार काय आहे?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मला काही नाही," मुलगी म्हणाली. "तक्रार यांची आहे."

"तक्रार कसली? खात्री," मुलाची आई म्हणाली. "मूल होणार ना, एवढंच. माणूस वांगंसुद्धा उलटून बघतो."

वडील हसले.

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं, मग मुलाकडे बोट केलं. "मग आधी यांची करा. नंतर माझी."

"करा की! आमचा पोरगा खणखणीत आहे. काय निघेल ते मोठ्याने सांगा."

"सांगा, सांगा," म्हणत मुलगा शर्ट वर करून ऐटीत आडवा झाला.

बाईंनी बरगड्यांशी प्रोब टेकवला. पडद्यावर यकृत वर पांढरंफटक, खाली काळोख. आवाज किती विरतो ते जागा बदलून त्यांनी पाच वेळा मोजलं.

"यकृतात चरबी साचली आहे. आवाज खोलवर पोचायच्या आतच विरतोय. दारू किती घेता?"

मुलगा छताकडे बघत राहिला.

"बसतो कधीमधी मित्रांत," आई म्हणाली. "पुरुषाचं काय एवढं? लग्न झालं की ही सांभाळेल. हं, आता हिला झोपवा."

मुलगी बाहेर गेली. संडासाची कडी वाजली. फ्लशचा आवाज आला. हात पुसत ती दारात उभी राहिली.

"झाली तपासणी. पाणी गेलं."

"बाटली भरून आणा पुन्हा! बसू तासभर."

"तुम्ही बसा. मी पिणार नाही. आज नाही, उद्या नाही, दुसऱ्या कुणासाठीही नाही."

"बघितलंत पोरीची जीभ?" मुलाची आई वडिलांवर उखडली.

डॉक्टरबाईंनी त्या वर्षी असे सात रिपोर्ट सही करून दिले होते. आठवा, या मुलीचा फॉर्म त्यांनी फाडला.

सकाळी ती बाटली वडिलांनी स्वतः भरून दिली होती.