चहातले चिलगोजे

मुंजियाने धुतलेला फिल्मचा रोल खिडकीसमोर धरला आणि भिंग लावलं. पुन्हा तेच! जुन्या हस्तलिखिताचं प्रत्येक अक्षर वरखाली दुहेरी झालेलं. हा चौथा रोल वाया. हस्तलिखित संग्रहालयाचे संचालक म्हणाले होते, आणखी एक बिघडला तर हे काम दुसऱ्याला देईन.

कॅमेरा तिपाईवर, स्क्रू घट्ट, बटणही हाताने नाही, लांब तारेने दाबायचं. फोटोला पुरा एक सेकंद लागायचा, आणि तेवढ्यात तो हलायचाच. फक्त शुक्रवारचे रोल स्वच्छ यायचे. आणि शुक्रवारी शादलीचाचा नसायचे.

चाचा इथले कागद सांभाळायचे. त्यांच्या भाच्याचा या कामावर डोळा होता, हे साऱ्या कैरवान गावाला ठाऊक होतं. मुंजियाने तक्रार लिहून पिशवीत ठेवली होती. आज दुपारी द्यायची.

"पोरी, पुन्हा हललं वाटतं?" चाचा चहा घेऊन आले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"लिंबू चोखल्यासारखं तोंड झालंय तुझं. घे, विष नाही घातलेलं."

हे असं का बोलले? तिने पेला ओठांना न लावता तिपाईजवळ लाकडी जमिनीवर ठेवला. चहावर चिलगोजे तरंगत होते. एकाएकी ते थरथरले. थांबले. पुन्हा थरथरले.

"चाचा, हलू नका."

"दारात खांबासारखा उभा आहे मी. आता श्वासही घेऊ नको?"

चिलगोजे पुन्हा थरथरले. मुंजियाने गुडघे टेकून जमिनीला कान लावला. धप्. धप्.

"खाली काय चालतं?"

"जुलैखाच्या कारखान्यातल्या बायका गालिचे विणतात. लोखंडी कंगव्याने गाठी ठोकतात. शुक्रवारी सुट्टी. अगं, तू याच गावची ना?"

जन्मापासूनचा आवाज, तो वेगळा असा कधी ऐकूच आला नव्हता.

बायका जेवायला उठल्या तेवढ्या वेळात तिने नवा रोल काढला, धुतला, भिंग लावलं. अक्षरं सुईच्या टोकासारखी.

तक्रार फाडायला ती पिशवीकडे वळली. कागद अर्धा बाहेर डोकावत होता. वरच, ठळक अक्षरांत, शादलीचाचांचं नाव. सकाळपासून तसाच.

चाचांनी गार झालेला पेला उचलला. "दुसरा आणतो. का तोही जमिनीवरच ठेवणार?"

"द्या तोच," मुंजिया म्हणाली आणि चिलगोज्यांसकट गार चहा एका दमात प्यायली.