समोरची, मी आणि लिफ्टवाले काका

मी शोरूमच्या दारात काचेला पाठ लावून उभी असलेली मोटरसायकल बोलतेय. विकायची नव्हे, चालवून बघायची. टाकीवर तसा कागदच चिकटवलाय, तेव्हा लपवण्यासारखं काही नाही. तसंही माझ्या अंगावर लपवायला आहे काय? आमच्या प्रकाराला नेकेड म्हणतात. इंजिन, नळ्या, सांगाडा, सगळं उघडं. वरून प्लास्टिकचं कवच नाही. पहिल्यांदा हा शब्द ऐकला तेव्हा मी लाजले होते. आता सवय झाली.

जन्माचं फारसं आठवत नाही. एका लांब पट्ट्यावर माझ्यासारख्याच चाळीसएक जणी ओळीने उभ्या होत्या. एका बाईने माझ्या हँडलचा शेवटचा नट आवळला आणि त्यावर पिवळ्या खडूने खूण केली. मग ट्रक, मग अंधार, मग हे दार. बरोबरच्या एकेक करून घरोघरी गेल्या आणि मी इथेच राहिले.

माझ्या आयुष्याचा रस्ता अडीच किलोमीटरचा आहे. दारातून डावीकडे, सिग्नल, पूल चढायचा, उतरायचा, पेट्रोल पंपाला वळसा घालायचा आणि परत. सहाव्या गिअरची आणि माझी अजून ओळख नाही. पण माणसं मात्र खूप पाहिली. काही जण आल्याबरोबर माझ्या आरशात स्वतःचे केस बघतात. काही टायरला लाथ मारतात. का मारतात ते त्यांनाही माहीत नसावं. काही जण स्टँडवरच बसून तोंडाने इंजिनाचा आवाज काढतात, चांगले चाळीशीतले गृहस्थसुद्धा.

रस्त्यापलीकडे दुसरं शोरूम आहे. त्याच्या दारात जी उभी असते तिला मी 'समोरची' म्हणते. आमच्या दोघींची ताकद जवळजवळ सारखी, किंमत सारखी, कामही तेच. ती दोन सिलिंडरची, शांत, अंगाने भरलेली. मी एका सिलिंडरची, सडपातळ, सिग्नलला जरा थरथरणारी. ती माझ्यापेक्षा वीस किलोने जड आहे आणि गर्दीत तिचं इंजिन पायाला चटके देतं, असं आमचा टायवाला सेल्समन सांगतो. माझी थरथर मनगटाला लागते, असं त्यांचा सांगत असणार. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हा धंदाच आहे त्यांचा. चांगली कोण, हे मला विचाराल तर मलाही ठाऊक नाही.

एका शनिवारी अकरा वाजता लिफ्टवाले काका आले. हे नाव त्यांना टायवाल्याने दिलं, कारण त्यांच्या निळ्या शर्टाच्या खिशावर लिफ्ट कंपनीचं चिन्ह होतं. लिफ्ट दुरुस्त करायला ते दिवसभर या इमारतीतून त्या इमारतीत फिरत. बरोबर त्यांची लेक होती. ती शाळेत भूमिती शिकवते. हातात पाटी, पाटीवर कागद, कागदावर पट्टीने आखलेला तक्ता.

"बाबा, रोज सत्तावीस किलोमीटर," ती म्हणाली. "त्यातलं निम्मं सिग्नलला उभं राहणं. शर्यत लावायची नाहीये. रोजची गाडी हवीय आपल्याला. दोन्ही गाड्यांचं वजन, उंची, पेट्रोल, ब्रेक, सर्व्हिसिंग, सगळं मांडलंय मी. तुम्ही फक्त चालवून सांगा."

काका बसले. त्यांचा डावा हात माझ्या क्लचवर आला आणि मला वाटलं, माणूस दोनच बोटांचा आहे की काय! बोटं पाची होती, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मिटतच नव्हतं. क्लच म्हणजे डाव्या मुठीतला तो दांडा. तो पूर्ण ओढला की इंजिनाची ताकद चाकापासून सुटते, हळूहळू सोडला की मी पुढे सरकते. काकांनी दोन बोटांनी तो कसाबसा ओढला. सिग्नलपाशी तो त्यांच्या हातून निसटला, मी हिसका खाल्ला आणि बंद पडले. पुलावर पुन्हा तेच. काकांच्या मानेवर घाम आला होता आणि माझा जीव थाऱ्यावर नव्हता. चूक माझी की त्यांची, तेच मला कळेना.

"कशी वाटली?" लेकीने विचारलं.

"आवाज कर्कश आहे," काका म्हणाले. "समोरची बघू."

नाचता येईना अंगण वाकडं, असं मी मनात म्हटलं खरं, पण लगेच वाईटही वाटलं. डावा हात त्यांनी खिशात घातला होता. तो त्यांनी बाहेर काढलाच नाही.

पुढच्या शनिवारी ते पुन्हा आले. लेक आत विम्याचं विचारत होती. काकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि उजव्या हाताने माझ्या क्लचच्या तारेवरची लहानशी नळी भराभर फिरवली. तार ताणली गेली. आता दांडा अर्धा ओढला तरी चाक सुटत होतं, दोन बोटांना पुरे! त्या दिवशी काका पुलावरून गुणगुणत आले. मीही खूश झाले, खोटं कशाला सांगू?

पण त्यांच्यानंतर आलेल्या माणसाने मला चढावर जोर दिला, तर इंजिन नुसतंच ओरडलं, चाक ऐकेना. तार इतकी ताणली की दांडा सोडला तरी क्लच पुरता पकडत नाही, घसरतो, जळतो. टायवाल्याने मला शिव्या घातल्या. सोमवारी आमच्या मिस्त्रीने नळी उलटी फिरवली आणि डोकं खाजवलं. हवा भरायच्या नळीपाशी त्याला समोरचा मिस्त्री भेटतो. तोही हेच सांगत होता, की शनिवारी त्यांच्या गाडीची तार कुणी ओढली देव जाणे. मला माहीत होतं. पण मला तोंड कुठे आहे?

लेकीच्या तक्त्यात रकाने वाढत चालले. "तिथे म्हणालात, ही हलकी आहे. इथे म्हणता, ती शांत आहे. आवाज, मग सीट, आता रंग! बाबा, मला वेड लागेल."

"घाई कसली आहे?" काका म्हणायचे.

घाई होती. तिसऱ्या शनिवारी ते माझ्यावर बसलेले असतानाच फोन वाजला. कुठल्याशा इमारतीत चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे लिफ्ट अडकली होती. आत एक म्हातारी बाई होती. "निघालो," काका म्हणाले आणि हत्यारांची पिशवी उचलून बस स्टॉपकडे धावले. लेक टायवाल्याला सांगत होती, "पूर्वी वीस मिनिटांत पोचायचे. जुनी गाडी गेल्यापासून तास लागतो. महिनाअखेर गाडी नसेल तर कंपनी त्यांना टेबलावर बसवणार आहे, फोन घ्यायला. ते म्हणतात, त्यापेक्षा मला लिफ्टच्या शाफ्टमधे टाका."

तेव्हापासून मी अधिकच गोंधळले. त्यांनी मला घ्यावं असं मला फार वाटायचं. आणि घेतलं तर या हाताने ट्रकांच्या गर्दीत हे कसे जातील, म्हणून धसकाही बसायचा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

पाचव्या शनिवारी काकांनी नळी फिरवली आणि तेवढ्यात लेक बाहेर आली. "उतरा," ती म्हणाली. "आज मी चालवून बघते. तुमचं काही ठरत नाही."

"नको," काका पटकन म्हणाले. "म्हणजे, टायरमधे हवा कमी दिसतेय."

"हवा आत्ताच भरलीय, काका," टायवाला म्हणाला. लेकीने हेल्मेट चढवलं. काका उतरून बाजूला झाले. त्यांनी तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याबद्दल माझा त्यांच्यावर अजून राग आहे.

पुलाच्या चढावर लेकीने मला जोर दिला. मी ओरडले, पण पुढे जाईना. वेग कमी, आणखी कमी. मागून बस आली, हॉर्न वाजवत, इतकी जवळ की तिच्या इंजिनाची गरमी माझ्या मागच्या दिव्याला लागली. मी सगळा जीव एकवटला तरी चाकापर्यंत काही पोचेना. लेकीने कसंतरी मला कडेला घेतलं. बस अंगाला घासल्यासारखी निघून गेली. लेक कठड्याला धरून उभी राहिली. माझ्या पोटातून जळका वास येत होता.

खालून काका पळत येताना दिसले. त्यांनी दारातून माझं ओरडणं ऐकलं असणार. यंत्राचा माणूस तो. धापा टाकतच ते वर पोचले. त्यांनी उजवा हात पुढे केला आणि लेकीच्या डोळ्यांदेखत ती नळी उलटी फिरवली. पाच सेकंद लागले असतील.

"मी फिरवली होती," ते म्हणाले. "तिकडचीही."

लेकीने हेल्मेट काढलं. मग म्हणाली, "हात दाखवा." तिने आपलं बोट त्यांच्या डाव्या मुठीत दिलं. "आवळा." त्यांनी आवळलं. दोन बोटं तशीच ताठ राहिली.

"कधीपासून?"

"सहा महिने. मानेतली नस आहे म्हणतात डॉक्टर. थोडं सुधारेल, सगळं नाही. जुनी गाडी ठणठणीत होती गं, मलाच जमेना."

"आईला माहीत आहे?"

"तिला वाटतं, मी बरणीची झाकणं तिच्याकडून उघडून घेतो ते आळसाने."

लेक हसली आणि हसता हसता रडायला लागली. "मला सांगायचं ना, बाबा. मी वेड्यासारखी रकाने आखत बसले."

"तुझं काही झालं असतं तर..." काका म्हणाले.

बऱ्याच वेळाने तिने मला चालू केलं. "बसा मागे."

"मी? मागे?" जन्मात ते कुणाच्या मागे बसले नव्हते. चढले आणि हात कुठे ठेवावा ते चाचपायला लागले. माझ्या मागच्या सीटला धरायला दांडा नाही. माझ्या कारागिरांनी मागच्या माणसाचा विचारच केलेला नाही, हे मलाही त्याच दिवशी कळलं. "धरायचं कशाला?"

"मला धरा."

त्यांनी डावा हात तिच्या खांद्यावर ठेवला. तिथे आवळावं लागत नव्हतं, नुसता ठेवला तरी भागत होतं. पूल उतरताना काका म्हणाले, "आता दुसरा गिअर टाक. दुसरा!" लेक म्हणाली, "बाबा, गप्प बसा." मला फार बरं वाटलं.

मग ते दोघं समोरचीवर बसूनही एक फेरी मारून आले. परत आल्यावर लेकीने तक्त्यात नवा रकाना काढला. समोरचीला मागे दोन्ही बाजूंना भक्कम दांडे होते. "मग ठरलं," ती म्हणाली. "समोरचीच. शाळेला जाताना तुम्हाला सोडेन, येताना घेईन."

"ही घे," काका म्हणाले.

"हिला धरायला काही नाही!"

"तिच्यावर मी दांडे धरून बसलो. सामान बांधल्यासारखं वाटलं. हिच्यावर बरं वाटलं. ही घे."

लेकीने टायवाल्याला 'हीच' म्हणून सांगितलं. तक्त्याची घडी घालून तिने पिशवीत टाकली. काकांनी तिथूनच कंपनीला फोन लावला आणि टेबलाचं काम घेतो म्हणून सांगितलं. फोन ठेवल्यावर ते माझ्या टाकीवर हात ठेवून उभे राहिले. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते पुसायला ते लाजले नाहीत.

मी आनंदाने वेडी झाले होते. एकदाचं घर मिळालं! पुढच्या गुरुवारी लेक आणि काका आले, आणि आतून टायवाल्याने एक गाडी ढकलत आणली. माझ्याच रंगाची, माझ्याच उंचीची, कोरी, सीटवर अजून प्लास्टिक. लेक तिच्यावर बसली. काका मागे चढले. मी बघत राहिले. आवडले मी आणि घरी ती गेली! पुलावर ओरडले कोण, त्यांना मागे घेऊन उतरले कोण? की गाडी म्हणजे मी नव्हेच, नुसता नमुना? मला खरंच काही कळत नाही. रागवावं तर कुणावर, तेही सुचत नाही.

मी इथेच आहे. समोरची समोर आहे. उद्या शनिवार; कुणीतरी येईल, आरशात केस बघेल, अडीच किलोमीटर फिरवेल. तुम्ही आलात तर एवढंच करा. तुलना हवी तेवढी करा, रकाने आखा, नावं ठेवा. पण एकटे येऊ नका. कुणालातरी मागे बसवून आणा.